मानेतलं तळं

पोह्यांचा ट्रे खाली ठेवून अश्विनी समोर बसली, पाहुणीच्या तोंडाकडं थोडा वेळ निरखून पाहत राहिली आणि म्हणाली, "मावशी, जरा जीभ दाखवता का?"

माजघराच्या दारात उभ्या असलेल्या तिच्या आईनं, रत्नानं, डोळे घट्ट मिटून घेतले. उत्रोलीत मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा नाव, शिक्षण, स्वयंपाक हे सगळं मुलीला विचारतात. मुलीनंच होणाऱ्या सासूला जीभ बाहेर काढायला सांगितल्याचं तिथं आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं.

मुलाचे वडील बाजीराव तेव्हा रंगात आले होते. मार्गासनीहून निघाल्यापासून ते बोलतच होते. या शेतातून त्या शेतात हाका मारण्यात उमर गेलेली, त्यामुळं त्यांचा घरातला आवाजही बांधावरचाच असे. अश्विनीच्या वडिलांना, कोंडिबांना, ते आपल्या म्हसोबाची हकिगत सांगत होते. बांधावर उन्हात बसलेला म्हसोबा त्यांनी मोठ्या हौसेनं रस्त्याकडेला आणला, खाली फरशी बसवली, वर पत्रा घातला. तर म्हशीनं दूध चोरलं आणि मोटर जळाली. शेवटी देवाची क्षमा मागून त्याला परत बांधावर नेऊन बसवला, तेव्हा कुठं सगळं सुरळीत झालं.

"गुन जागंचा असतोय, पावनं," ते सांगत होते. "द्येव त्योच, पन जागा बदलली की संपलं!"

एवढ्यात हा जिभेचा प्रश्न आला आणि म्हसोबा तिथंच राहिला.

"आमी पोरगी बघाया आलोय," बाजीराव म्हणाले, "का पोरगी आमाला बघतीया?"

"तुम्हाला नाही, मावशींना," अश्विनी म्हणाली. "आल्यापासनं बघतेय, कपाळ दाबून बसल्यात. डोकं दुखतंय ना, मावशी?"

मुलाची आई, धोंडाबाई, चपापल्या. डोकं सकाळपासूनच ठणकत होतं, त्यात जीपमध्ये नवऱ्याच्या शेजारची जागा मिळालेली. पण त्यांच्या घरात त्यांची डोकेदुखी कळायची ती कपाळाला बांधलेल्या फडक्यावरून. आज पाहुण्यांकडं जायचं म्हणून फडकं घरी ठेवलं होतं, म्हणजे डोकं दुखत नाही असंच सगळ्यांनी धरलं होतं. नुसतं तोंड बघून कुणाला कळलं, ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं आणि जीभ बाहेर काढली.

"आणखी थोडी."

त्यांनी आणखी काढली. मुलाला, अजितला, पाणी पिताना जोराचा ठसका लागला.

"पाणी किती पिता दिवसाचं?"

"सकाळी च्या पिती की. दुपारच्याला येकदा."

"चहा नव्हे, मावशी. पाणी."

"च्यात असतंय की पानी."

मग अश्विनीनं त्यांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि विचारत गेली. हे दुखणं नवीन आहे का? कधी एकदम फुटल्यासारखं दुखतं का? उलटी होते? हातापायांना मुंग्या येतात? डोळ्यांपुढं अंधारी? धोंडाबाई प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हणत होत्या. दुखणं जुनंच होतं, अजितच्या जन्मापासूनचं. हे ऐकून अजितनं अपराध्यासारखं खाली पाहिलं. सरकारी दवाखान्यात बीपी बघितला होता, तो बरोबर होता. डॉक्टरांनी चष्मा मात्र दिला होता.

"कुठाय चष्मा?"

"कपाटात. नवा हाय, वापरून खराब व्हईल."

अश्विनी हसली. मग सरळ उठून त्यांना हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली. रत्ना तिला डोळ्यांनी खुणावत होती, पण कामात शिरलेल्या अश्विनीला खुणा दिसत नसत.

आत तिनं त्यांना खाटेवर बसवलं आणि त्यांचा अंगठा आणि पहिलं बोट यांमधल्या मऊ जागेत आपला अंगठा रुतवला.

"आई गं! काय हाय हितं?"

"हा अंगठा एक डोंगर आणि हे बोट दुसरा. मधे खोरं. चिनी लोक हिला दोन खोरी मिळतात ती जागा म्हणतात."

"म्हंजी आपल्या गुंजवणीच्या खोऱ्यावानी," धोंडाबाई म्हणाल्या. त्यांना ते लगेच पटलं. "आन् ह्ये मागं काय करतीस?"

"इथं कवटी संपते ना, तिच्याखाली दोन्ही बाजूंना खळगे आहेत. त्यांना वाऱ्याचं तळं म्हणतात."

"माज्या मानेत तळं?"

"सगळ्यांच्याच असतं. तिथं वारं साठतं, असं त्यांचं म्हणणं. मी आपली म्हणते, दिवसभर मान वाकवून कामं केली की तिथं गाठी धरतात. तुमचं तर नुसतं दगडगोट्यांनी भरलंय."

धोंडाबाई हसल्या, मग आडव्या झाल्या, मग गप्प झाल्या. थोड्या वेळानं आतून घोरण्याचा आवाज येऊ लागला.

बाहेर बाजीरावांनी पोह्यांची दुसरी बशी घेतली. मुलगी पसंत आहे की नाही हे जिनं सांगायचं तीच झोपली म्हटल्यावर बैठकीला काही अर्थच उरला नव्हता. कोंडिबा पाहुण्याला भाताचं खाचर दाखवायला घेऊन गेले. अश्विनी हात पुसत ओट्यावर आली, तर अजित तिथंच खांबाला टेकून उभा.

"माजीपन जीभ बघनार का?"

"दुखतंय का कुठं?"

"अजून तरी न्हाई."

तो कापूरहोळच्या चौकात टेम्पो दुरुस्तीचं गॅरेज चालवत होता. नखांच्या कडेला काळं होतं, पण बोलणं स्वच्छ होतं. अश्विनीला तो आवडला, आणि आवडला म्हणूनच तिला धाकधूक वाटू लागली.

"लग्नानंतर माझं भोरचं ॲक्युप्रेशरचं सेंटर चालू ठेवायचंय मला. तुमचं काय म्हणणं?"

"माजं काईच न्हाई. उलट बरंय. पर आमच्या घरात म्हननं आबांचं असतं."

तासाभरानं धोंडाबाई उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा झोपून उठलेल्या तान्ह्या पोरासारखा झाला होता. निघताना बाजीरावांनी दारातच तो प्रश्न विचारला. लग्न झाल्यावर ते भोरचं दुकान काय करायचं?

"चालूच ठेवायचं," अश्विनी म्हणाली.

"बघू. कळवतो," बाजीराव म्हणाले.

जीप दिसेनाशी झाल्यावर रत्ना अश्विनीकडं वळली. याआधीची दोन स्थळं याच उत्तरावर मोडली होती, आणि दोन्ही वेळा 'कळवतो' म्हणून गेलेल्यांनी काहीच कळवलं नव्हतं. "एकदा म्हणायचं, करते बंद," ती म्हणाली. "मागाहून बघता आलं असतं."

"बंद करायचं नसताना कसं म्हणू, आई?" अश्विनी म्हणाली आणि पोह्यांच्या बश्या गोळा करू लागली. त्या रात्री ती नीट जेवली नाही. या वेळी तिला दोन्ही गोष्टी हव्या होत्या.

भोरच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीवरच्या माडीवर तिची खोली होती. दोन खाटा, एक खिडकी आणि भिंतीवर एका टकल्या चिनी माणसाचं चित्र. त्याच्या अंगभर ठिपके होते. पुण्याला शिकून आल्यावर पहिले काही महिने लोक तिला 'चिनी बाई' म्हणायचे आणि ती सुया टोचते या भीतीनं जिन्यावरूनच परत जायचे. ती सुया टोचत नव्हती. अंगठा, कंगवा, गरम पाण्याची बादली आणि पुष्कळसं रागावणं एवढ्यावर तिचं चाले. आता गिरणीत दळण टाकायचं आणि दळून होईपर्यंत वर जाऊन मान मोकळी करून घ्यायची, अशी बायकांची रीतच पडली होती.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी तिनं दार उघडलं तर बाहेरच्या बाकावर धोंडाबाई बसलेल्या. डोळ्यांवर नवा कोरा चष्मा होता.

"मावशी! एकट्याच?"

"यष्टीनं आले. घरी सांगितलंय, बहिनीकडं चाल्ले म्हनून. तुजं चालू दे, माजा लंबर आला की बोलव."

त्या खरंच नंबरानं बसल्या. समोर काय चाललंय ते नव्या चष्म्यातून बघत राहिल्या. एका दुकानदाराला अश्विनीनं मोबाईल उशीखाली घेऊन झोपतो म्हणून फैलावर घेतलं. कॉलेजच्या पोरीला दोन बोटांनी भुवयांची टोकं कशी दाबायची ते शिकवलं आणि म्हणाली, "आता घरीच कर, परत यायची गरज नाही." एक गडी आला. त्याचं डोकं काल रात्रीपासून एकाएकी, कधी दुखलं नाही असं दुखत होतं, मानही वळत नव्हती. त्याला तिनं हातसुद्धा लावला नाही. खाली जाऊन स्वतः रिक्षात बसवून दवाखान्यात धाडला आणि मगच वर आली.

"त्याचं का न्हाई दाबलंस?" धोंडाबाईंनी खाटेवर आडवं होता होता विचारलं.

"ते माझं काम नव्हतं. जे उतरत नाही ते उतरतं असं मी कुणाला सांगत नाही. नाहीतर मग माझ्या बोटांवर कोण विश्वास ठेवील?"

धोंडाबाईंनी हुंकार भरला. खाली गिरणी घरघरत होती. खिडकीतून ऊन पायांवर येत होतं.

"हितं मला कुनी हाक मारत न्हाई," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "घरात निजले तर दर मिन्टाला हाक. धोंडे, किल्ली कुठाय. धोंडे, म्हैस सुटली. आज खिडकीची जागा गावली बग यष्टीत. आन् स्टँडवर म्या येकटीनं भजी खाल्ली. लगीन झाल्यापासनं पैल्यांदाच."

अश्विनीचे अंगठे मानेतल्या तळ्यात फिरत होते. हे आता बोलावं की बोलू नये असं तिला झालं, आणि मग ती बोललीच.

"मावशी, खरं सांगू? तुमचा मुलगा मला आवडलाय. पण ही खोली मला सोडायची नाही. ही मी माझ्या हातांनी उभी केलीय. सोडली तर मी तुमच्याकडं येईन, पण रोज रडतच राहीन. तुम्हाला राग आला तरी चालेल."

धोंडाबाई उठल्या, चष्मा लावला, पदर सारखा केला.

"मोटार कधीची हाय आता?" त्यांनी विचारलं, आणि जिना उतरून गेल्या.

दोन दिवसांनी बाजीरावांचा फोन आला. रत्नानं मोबाईल कानापासून लांब धरला, तरी सगळ्या घराला ऐकू गेलं. "घर बघायला या. पोरीलाबी आना. तिला दावायचंय कायतरी!"

मार्गासनीला पोचल्यावर बाजीरावांनी पाहुण्यांना पाणीसुद्धा घेऊ दिलं नाही. सरळ पडवीकडं घेऊन गेले. पडवीच्या टोकाला नवी खोली काढली होती. भिंतींना ताजा पिस्ता रंग होता, आत नवी खाट, नवी ट्यूब, आणि भिंतीवर कुठूनतरी मिळवलेलं माणसाच्या हाडांचं चित्र. टकला चिनी मिळाला नव्हता.

"ह्यो तुजा दवाखाना!" बाजीराव म्हणाले. त्यांचा चेहरा फुलून आला होता. "भोरला कशाला हेलपाटं घालायचं? हितंच लोक येतील. सैपाकपानी उरकलं की बसायचं. अजितनं रंग दिलाय, म्या खाट आनली."

"काय गं," रत्ना आनंदानं म्हणाली, "आता आणखी काय पाहिजे?"

अश्विनीनं खोलीला असलेली दोन दारं पाहिली. एक गोठ्यात उघडत होतं, दुसरं चुलीकडं. कुणी वाईट वागलं असतं तर तिला भांडता आलं असतं. पण इथं एवढ्या मायेनं केलेलं होतं, त्याला नाही कसं म्हणायचं? तिनं अजितकडं पाहिलं. तो मान खाली घालून बोटावरचा पिस्ता रंग खरवडत होता. तिचे डोळे भरून आले आणि ते रंगाच्या वासानं आलेत असं तिनं दाखवलं.

"आज मुहूर्तच करू," बाजीराव म्हणाले. "हिचं डोकं उठलंय सकाळपासनं. दाव आमाला उतरवून."

धोंडाबाई कपाळाला फडकं बांधून दारात उभ्याच होत्या. त्या मुकाट्यानं येऊन नव्या खाटेवर निजल्या. कोंडिबा, रत्ना, अजित आणि बाजीराव खाटेभोवती उभे राहिले. अश्विनीनं फडकं सैल केलं आणि काम सुरू केलं. डोकं खरंच दुखत होतं. मानेखाली हात जाताच तिला कळलं, दोन्ही खळग्यांत गाठी टणक होत्या.

"धोंडे, च्याची पावडर कुठं ठेवलीस?" बाजीरावांनी विचारलं. अजितनं त्यांना गप्प केलं.

हळूहळू गाठी सुटत गेल्या. जबडा ढिला पडला. कपाळावरची आठी पुसली गेली. गार पडलेले हात ऊन झाले, श्वास लांब झाला. अश्विनीच्या बोटांना हे सगळं पुस्तक वाचावं तसं कळत होतं. डोकं उतरलं होतं. भोरला उतरलं त्याहून छान उतरलं होतं. स्वतःच्याच बोटांचा तिला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

"उतरलं का?" बाजीरावांनी विचारलं.

धोंडाबाईंनी एक डोळा उघडला.

"न्हाई."

अश्विनीचे हात थांबले.

"जरासुदीक न्हाई?"

"हाय तसंच हाय."

"अजून दाब, पोरी," बाजीराव काळजीनं म्हणाले.

अश्विनीनं अजून दाबलं. दाबायला काही उरलंच नव्हतं. हाताखालची मान लोण्यासारखी मऊ होती.

"न्हाई बा," धोंडाबाई कण्हल्या. "उलट चढलंच. हितं न्हाई उतरायचं ह्ये. भोरला उतरतं."

"तू कवा गेलीस भोरला?"

"बहिनीकडं गेले तवा. माडी चढून जरा टेकले, तर भुर्रकन् गेलं बगा डोकं. हितं न्हाई. आता त्येला म्या काय करू? तुमीच म्हनता न्हवं, गुन जागंचा असतोय?"

बाजीरावांनी नव्या भिंतीकडं पाहिलं, नव्या ट्यूबकडं पाहिलं. त्यांच्या नजरेसमोर फरशीवर, पत्र्याखाली बसवलेला म्हसोबा आणि रिकामी चरवी उभी राहिली असणार, कारण त्यांचा हात आपोआप कानाकडं गेला.

"आरं तिच्या," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांचा हळू आवाज घरच्यांनी क्वचितच ऐकला होता. "ह्ये ध्यानातच न्हाई आलं. चिनी असली तरी इद्याच ती. तिचं ठानं भोरला हाय, आन् आमी निघालो हलवाया."

"हां, ठाणं हलवू नये," कोंडिबा गंभीरपणे म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवला.

"सकाळी म्या सोडीन की कापूरहोळला," अजित घाईघाईनं म्हणाला. "गाडीवर. तिथनं भोरला मोटारी लई."

"आन् आठवड्यातनं येकदा मलाबी जावं लागंल," धोंडाबाई खाटेवरून म्हणाल्या. "इलाज हाय म्हटल्यावर."

"जा की. त्यात काय!" बाजीराव म्हणाले. त्यांचा आवाज परत जागेवर आला होता. "ह्या खोलीत कोंबड्या ठिऊ. चला पावनं, तारखेचं बोलू."

सगळे ओट्याकडं गेले. अश्विनी तिथंच उभी राहिली. जे उतरलं ते उतरलं नाही, असं तिच्या कामात आजवर कधी झालं नव्हतं, आणि तिनं ते ऐकून घेतलं होतं. तिला गुदगुल्या झाल्यासारखं हसू येत होतं आणि रडूही. धोंडाबाई खाटेवरून उतरल्या. जाता जाता त्यांनी तिचा हात धरला आणि अंगठ्यापाशी, दोन खोरी मिळतात नेमकं तिथं, एकदा जोरात दाबला.

अश्विनी त्यांच्यामागून स्वयंपाकघरात गेली. धोंडाबाईंनी कपाळावरचं फडकं सोडून खुंटीला अडकवलं होतं. काहीतरी गुणगुणत त्या चहाचं आधण ठेवत होत्या. एका झटक्यात त्यांनी फडताळावरून पावडरीचा डबा काढला, आणि पाठीमागं कुणीतरी आहे हे जाणवून वळल्या.

दोघी एकमेकींकडं पाहत राहिल्या. बाहेरून बाजीरावांची हाक आली, "धोंडे, कसं हाय आता?"

"ठनकतंय!" धोंडाबाई ओरडल्या, खुंटीवरचं फडकं ओढलं आणि घाईघाईनं परत डोक्याला गुंडाळू लागल्या.

अश्विनी पुढं झाली, त्यांच्या हातातली टोकं घेतली आणि मानेतल्या तळ्याच्या वर हलक्या हातानं गाठ मारली.

"सैल बांधत जा, आत्या," ती म्हणाली. "नाहीतर खरंच दुखायला लागंल."